फोनच्या तारेवरचा इमला

१९९७ चा मे महिना. बारावीची परीक्षा देऊन मी रत्नागिरीहून कुर्ल्याला खालाकडे राहायला आलो होतो. खालाजाद भाऊ इंजिनिअरिंगला होता. त्याच्या टेबलावर विंडोज ३.१ असलेला एक कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी १४,४०० बिटचा मोडेम. कॉलेजमुळे त्याला विद्यार्थ्यांचं शेल खातं मिळालेलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र एकही नाही. तरीही तो पडदा पाहून मला मक्तबच्या ओट्यावरून एकदम बंदरावर आल्यासारखं वाटलं होतं.

त्या रात्री आम्हाला एक फाइल हवी होती. उर्दू अक्षरं टाइप करता येतील असा एक छोटा प्रोग्रॅम, साधारण सव्वा एमबीचा. भावाने तो परदेशातल्या सर्व्हरवरून आधी आपल्या शेल खात्यात आणून ठेवला. आता तिथून तो फोनच्या तारेवरून घरच्या कॉम्प्युटरवर आणायचा होता. विंडोजसोबत फुकट मिळालेला 'टर्मिनल' नावाचा प्रोग्रॅम उघडला आणि एक्समोडेम पद्धतीने फाइल घ्यायला सुरुवात केली. हिशेबाने पंधरा मिनिटं लागायला हवी होती. चाळीस मिनिटं झाली तरी काम सुरूच. तेवढ्यात आतल्या खोलीत खालाने पॅरलल फोनचा रिसीव्हर उचलला. पडद्यावर कचरा उमटला आणि लाइन तुटली. चाळीस मिनिटांची कमाई गेली. मीटर मात्र तेवढं पुढे सरकलेलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ मित्राकडून एक फ्लॉपी घेऊन आला. तिच्यात 'टेलिक्स' नावाचं दुसरं टर्मिनल सॉफ्टवेअर होतं. मोडेम तोच, तार तीच, फाइलही तीच. त्या रात्रीही दहा मिनिटांनी लाइन तुटली. भावाने शांतपणे पुन्हा नंबर लावला, पुन्हा तीच आज्ञा दिली आणि फाइल जिथे थांबली होती तिथूनच पुढे यायला लागली. सहा-सात मिनिटांत काम संपलं.

एका फ्लॉपीने एवढा फरक कसा पडला, हा प्रश्न तेव्हा मला पडला आणि नंतर बराच काळ डोक्यात राहिला. आज मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. पण या प्रश्नाचं उत्तर शोधताना जो इतिहास सापडला, तो मला वर्गात रोज उपयोगी पडतो. म्हणून तो इथे मांडतोय.

टर्मिनल म्हणजे काय होतं

आजच्या मुलांना आधी हे सांगावं लागतं की त्या काळी फोन आणि कॉम्प्युटर या दोन वेगळ्या वस्तू होत्या. फोनची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी बनवलेली. कॉम्प्युटरच्या शून्य आणि एकचं रूपांतर आवाजात करायचं आणि पलीकडे त्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे काम मोडेमचं. १९८१ साली हेझ कंपनीचा स्मार्टमोडेम आला. कॉम्प्युटरवरून आज्ञा टाइप करून थेट नंबर लावण्याची सोय त्याने लोकप्रिय केली. 'एटी'ने सुरू होणाऱ्या त्या आज्ञा पुढे सगळ्याच मोडेमनी उचलल्या. नव्या एक्स्चेंजवर टोनसाठी 'एटीडीटी', जुन्या एक्स्चेंजवर पल्ससाठी 'एटीडीपी'. आपल्याकडे कित्येक घरांत ही दुसरी आज्ञाच चालायची.

पण मोडेम फक्त आवाज काढतो आणि ऐकतो. नंबरांची यादी ठेवणं, पलीकडून येणारी अक्षरं पडद्यावर नीट दाखवणं, आणि फाइल आली तर ती न बिघडता डिस्कवर उतरवून घेणं, हे काम टर्मिनल सॉफ्टवेअरचं. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड. फोनवर बोलताना खरखर आली तर माणूस संदर्भावरून शब्द ओळखतो. प्रोग्रॅमच्या फाइलला संदर्भ नसतो. एक बिट उलटा झाला तरी अख्खा प्रोग्रॅम निकामी होऊ शकतो.

म्हणून फाइल पाठवताना दोन्ही बाजूंनी काही नियम पाळावे लागतात. किती मजकूर एकदम पाठवायचा, तो बरोबर पोहोचला हे कसं तपासायचं, चुकला तर काय करायचं. या नियमावलीला प्रोटोकॉल म्हणतात. 'कोणतं टर्मिनल सॉफ्टवेअर घ्यावं' हा प्रश्न बहुतेक वेळा 'त्यात कोणते प्रोटोकॉल आहेत' याच प्रश्नावर येऊन थांबायचा.

शिकागोचं बर्फ आणि एक्समोडेम

वॉर्ड क्रिस्टेन्सन हे शिकागोजवळ राहणारे आयबीएममधले नोकरदार. घरगुती कॉम्प्युटर हा त्यांचा छंद. १९७७ साली त्यांनी मोडेमवरून फाइल पाठवण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो सगळ्यांना मोफत वापरायला देऊन टाकला. त्याचीच पुढे 'एक्समोडेम' ही पद्धत झाली. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत प्रचंड बर्फ पडलं. घरात अडकलेले क्रिस्टेन्सन आणि त्यांचे मित्र रँडी सुएस यांनी ठरवलं की कॉम्प्युटर क्लबच्या सभासदांसाठी फोनवरून चालणारा एक सूचनाफलक उभा करायचा. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो सार्वजनिकरीत्या सुरू झाला. हे पहिलं बुलेटिन बोर्ड, म्हणजे बीबीएस. पुढच्या पंधरा वर्षांत असे हजारो फलक जगभर उभे राहिले आणि त्यांच्यावरून फाइलींची देवाणघेवाण सुरू झाली.

एक्समोडेमची रीत मला माझ्या वर्गातल्या इमल्यासारखी वाटते. मराठीत इमला म्हणजे इमारतीचा सांगाडा. उर्दूत इमला म्हणजे श्रुतलेखन. मी एक वाक्य सांगतो, मुलं लिहितात, 'झालं?' विचारतो, 'हो सर' आलं की पुढचं वाक्य. कुणी 'परत सांगा' म्हटलं तर तेच वाक्य पुन्हा. एक्समोडेम अगदी हेच करतो. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा. शेवटी सगळ्या बाइटांच्या बेरजेवरून काढलेला एक तपासणी-आकडा जोडायचा. घेणारा तीच बेरीज करून पाहतो. जुळली तर 'मिळालं', नाही जुळली तर 'परत पाठव'. आणि उत्तर येईपर्यंत पाठवणारा गप्प बसतो.

१२८ हा आकडाही उगाच आलेला नाही. त्या काळच्या सीपी/एम या कार्यप्रणालीत डिस्कवरची नोंद १२८ बाइटची असायची. जे हाताशी होतं त्यातून केलेली ही सोय. सुरुवातीची साधी बेरीज काही चुका पकडायची नाही. दोन बाइटांनी जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. म्हणून नंतर सीआरसी नावाची अधिक पक्की तपासणी आली. पण मूळ रीत कायम राहिली, कारण ती सोपी होती. कुणीही प्रोग्रॅमर एका संध्याकाळी ती लिहून काढू शकायचा. म्हणूनच ती जवळपास प्रत्येक टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये होती आणि विंडोज ३.१ सोबत फुकट मिळालेल्या 'टर्मिनल'मध्येही होती.

वाट पाहण्याचा हिशेब

मग आमची पहिली रात्र फुकट का गेली? थोडं गणित करू.

ढोबळमानाने मोडेमवर एका अक्षराला दहा बिट लागतात. सुरुवातीचा एक, मजकुराचे आठ, शेवटचा एक. म्हणजे ३०० बिटच्या मोडेमवर सेकंदाला ३० अक्षरं, २,४०० वर २४० आणि १४,४०० वर १,४४० अक्षरं. एक एमबीची फाइल ३०० च्या वेगाने आणायला साडेनऊ तासांहून जास्त वेळ, २,४०० ला सुमारे ७३ मिनिटं, १४,४०० ला बारा मिनिटं.

आता यात एक्समोडेमची वाट पाहणं मिळवा. प्रत्येक तुकड्यात मजकूर १२८ बाइट आणि वरचा खर्च चार बाइट, असे १३२. समजा, 'मिळालं' हे उत्तर येऊन पुढचा तुकडा सुरू व्हायला सेकंदाचा पाचवा भाग जातो. २,४०० च्या मोडेमवर तुकडा पाठवायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे ही थांबणूक फारशी खटकत नाही. क्षमतेच्या सत्तर टक्के वेग हाती येतो. १४,४०० वर मात्र तुकडा ०.०९ सेकंदात निघून जातो आणि नंतर ०.२ सेकंद नुसती वाट पाहायची. म्हणजे दोन तृतीयांश वेळ लाइन रिकामी. आमच्या सव्वा एमबीच्या फाइलीचे दहा हजारांच्या आसपास तुकडे होत होते. प्रत्येकामागे ०.२ सेकंद धरले तर तेहतीस मिनिटं केवळ 'झालं?' आणि 'हो सर' यात गेली.

गंमत अशी की मोडेम जितका वेगवान, तितका हा तोटा मोठा. उत्तर उपग्रहावरून येत असेल तर एका फेरीला अर्धा सेकंद सहज लागतो. मग महागडा मोडेम घेऊनही हाती काहीच लागत नाही. १९८५ च्या सुमारास चक फोर्सबर्ग यांनी एक्समोडेम वाढवून वायमोडेम आणला. त्यात तुकडा १,०२४ बाइटचा झाला, आणि फाइलचं नाव व आकार सोबत पाठवून एकामागून एक अनेक फाइली पाठवायची सोय झाली. थांबे कमी झाले, संपले नाहीत.

केरमिट: दुबळ्या तारेची काळजी

याच काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वेगळीच अडचण होती. मोठ्या कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांना मिळणारी जागा अपुरी पडायची. त्यांच्या फाइली फ्लॉपीवर जपून ठेवता आल्या तर जागा मोकळी होणार होती. पण मोठे कॉम्प्युटर एकसारखे नव्हते. डेकचं यंत्र वेगळं, आयबीएमचं वेगळं, त्यांच्या अक्षरांचे संकेतही वेगळे. काही लाइनींवरून आठऐवजी सातच बिट जायचे आणि काही खास चिन्हं यंत्र मध्येच गिळून टाकायचं. अशा तारेवर एक्समोडेम चालतच नव्हता.

१९८१ साली फ्रँक द क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी यावर केरमिट हा प्रोटोकॉल काढला. हे नाव मपेट्समधल्या बेडकाचं. त्याचं कॅलेंडर भिंतीवर होतं. केरमिट कुठलीही फाइल साध्या, छापता येणाऱ्या अक्षरांत बदलून पाठवतो. तुकडे लहान, शंभराच्या आतले. समोरचं यंत्र काय झेपवू शकतं हे आधी विचारतो आणि तेवढंच देतो. त्यामुळे जिथे दुसरं काही चालायचं नाही तिथे केरमिट चालायचा. शेकडो प्रकारच्या यंत्रांसाठी त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

याची किंमत म्हणजे वेग. बीबीएसच्या मंडळींत केरमिट 'संथ' म्हणून बदनाम झाला. ही बदनामी पूर्ण खरी नव्हती. पुढे त्यात लांब तुकडे आणि उत्तराची वाट न पाहता अनेक तुकडे पुढे सोडण्याची सोय आली. ते पर्याय सुरू केले तर तो चांगला पळायचा. पण सुरुवातीची मांडणी सावध ठेवलेली असायची आणि बहुतेक लोक मांडणीला हात लावत नाहीत. शिवाय अनेक व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये केरमिटची जुनीच, तोकडी आवृत्ती असायची. दोष अशा वेळी केरमिटच्या माथी यायचा.

भाषाशिक्षक म्हणून मला केरमिटची एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. इंग्रजी अक्षरांना सात बिट, म्हणजे १२८ जागा पुरतात. बाकीच्या जगाला पुरत नाहीत. केरमिटने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून फाइल पाठवतानाच अक्षरांचे संकेत बदलून देण्याची सोय केली. रशियन, हिब्रू, जपानी मजकूर एका प्रकारच्या यंत्रावरून दुसऱ्यावर वाचता येईल असा जाऊ लागला. एमएस-डॉसच्या केरमिटमध्ये पडद्यावर उजवीकडून डावीकडे लिहिण्याची आज्ञा होती. उर्दूच्या वर्गात पहिल्या दिवशी 'वही मागच्या बाजूने उघडा' सांगणाऱ्या मास्तरला त्या एका आज्ञेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

झेडमोडेम: न थांबता, पण विसरता नाही

अमेरिकेत टेलिनेट नावाचं एक जाळं होतं. त्यात मजकूर पाकिटं करून टप्प्याटप्प्याने जायचा, त्यामुळे प्रत्येक उत्तराला उशीर व्हायचा आणि एक्समोडेमची पार दमछाक व्हायची. टेलिनेटने १९८६ मध्ये फोर्सबर्ग यांच्याकडून नवा प्रोटोकॉल करून घेतला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. तोच झेडमोडेम.

यातली मुख्य कल्पना साधी आहे. पाठवणाऱ्याने थांबायचंच नाही. मजकूर अखंड सोडत राहायचा, मधूनमधून तपासणी-आकडा जोडत राहायचा. घेणाऱ्याने सगळं ठीक असेल तर गप्प बसायचं. चूक सापडली तरच बोलायचं, आणि बोलताना नेमकी जागा सांगायची: 'अमुक बाइटपासून पुन्हा दे.' पाठवणारा तिथे मागे जातो आणि पुन्हा सुरू करतो. तपासणीही अधिक पक्की, ३२ बिटची सीआरसी.

या 'नेमकी जागा सांगण्या'तूनच पुढची सोय निघाली. लाइन तुटली तर अर्धी फाइल डिस्कवर राहते. पुन्हा जोडलं की घेणारा सांगतो, 'माझ्याकडे आठ लाख बाइट आहेत, तिथून पुढे दे.' आमची दुसरी रात्र यानेच वाचवली. शिवाय पलीकडून पाठवायची आज्ञा दिली की आपल्याकडचं सॉफ्टवेअर ते ओळखून आपोआप घ्यायला लागायचं. शेल खात्यात 'एसझेड' आणि फाइलचं नाव टाइप करायचं, बस्स. तो 'एसझेड' प्रोग्रॅमही मूळचा फोर्सबर्ग यांचाच.

झेडमोडेमहून वेगवान पद्धती नव्हत्या असं नाही. वायमोडेम-जी तर चूक दुरुस्त करायच्या फंदातच पडायचा नाही. मोडेम स्वतः चुका सांभाळेल असं धरून तो धावायचा. पण एक जरी चूक निसटली तर सगळं पाठवणं रद्द. पाच-सात टक्क्यांच्या वेगासाठी सगळंच पणाला लावायचं की नाही, हे ज्याने त्याने आपली तार ओळखून ठरवायचं. आपल्याकडच्या तारांवर बहुतेकांनी शहाणपणाने झेडमोडेमच निवडला.

मग निवडायचं काय?

त्या काळची मोठी नावं अशी. जॉन फ्रील यांचं क्यूमोडेम, १९८४ पासूनचं. मिसुरी राज्यातल्या डेटास्टॉर्म कंपनीचं प्रोकॉम. कॅनडातल्या कॉलिन संपालिआनू यांचं टेलिक्स, १९८६ चं. यातली बरीच 'शेअरवेअर' होती. आधी वापरून पाहा, पटलं तर पैसे पाठवा. प्रोकॉमचा मेन्यू सुटसुटीत होता, पण त्याच्या शेअरवेअर आवृत्तीत झेडमोडेम नव्हता. तो फोर्सबर्ग यांच्या 'डीएसझेड' या वेगळ्या प्रोग्रॅममधून बाहेरून जोडून घ्यावा लागायचा. टेलिक्समध्ये तो आतच होता. भावाच्या मित्राने नेमकं टेलिक्सच दिलं, त्याचं कारण हे असावं.

विंडोज ३.१ च्या 'टर्मिनल'मध्ये एक्समोडेम आणि केरमिट एवढंच होतं. विंडोज ९५ सोबत हिलग्रेव्ह कंपनीचं हायपरटर्मिनल आलं. त्यात झेडमोडेम होता आणि पुष्कळांची सोय झाली.

पण जाणकार सांगायचे की सॉफ्टवेअर बदलण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, कॉम्प्युटरचा सिरियल पोर्ट. त्यातल्या जुन्या ८२५० चिपमध्ये एकाच बाइटची जागा होती. पोर्टचा वेग ५७,६०० ठेवला तर सुमारे १७४ मायक्रोसेकंदांत एक बाइट येऊन थडकतो. तेवढ्यात प्रोसेसरने तो उचलला नाही तर पुढचा त्याच्यावर चढतो आणि आधीचा कायमचा जातो. १६५५०ए या चिपमध्ये सोळा बाइटांची रांग होती. विंडोजमध्ये चार कामं एकदम चालत असताना ही रांगच उपयोगी पडायची. कितीतरी लोकांनी 'लाइन खराब' म्हणून कपाळावर हात मारला, तेव्हा दोष या छोट्या चिपचा होता.

दुसरी, 'थांब' आणि 'चल' सांगण्याची रीत. मोडेम आणि कॉम्प्युटर एकमेकांना हे दोन प्रकारे सांगू शकत. मजकुरातच दोन खास चिन्हं घालून, किंवा केबलमधल्या वेगळ्या तारांवरून. पहिल्या रीतीत फाइलमध्ये तीच चिन्हं आली की घोटाळा व्हायचा. म्हणून वेगळ्या तारांची आरटीएस/सीटीएस रीत निवडायची आणि केबल पूर्ण तारांची आहे ना, हे पाहायचं.

तिसरी, फाइल आधीच दाबून लहान करणं. १९८९ साली फिल कॅट्झ यांचं पीकेझिप आलं आणि झिप हा बीबीएसचा रिवाज झाला. व्ही.४२बिस मोडेम स्वतःही मजकूर दाबायचे, पण आधीच दाबलेल्या झिप फाइलवर त्यांचा काही उपयोग नसायचा. पिळलेल्या कपड्यातून पुन्हा पाणी किती निघणार?

आपल्याकडची तार

भारतात ही गोष्ट १९९५ ला सुरू झाली असं अनेकांना वाटतं. खरं तर १९८६-८७ च्या सुमारास जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईचं आयआयटी यांच्यात फोन लावून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली होती. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या सुरुवातीच्या पावलांपैकी हे एक. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत अतुल चिटणीस यांनी सीआयएक्स हे बीबीएस सुरू केलं. मुंबईतही हौशी मंडळींची बीबीएस चालायची. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यातली चित्रं दाखवणारी खाती महाग होती. विद्यार्थ्यांच्या वाट्याला स्वस्त शेल खातं आलं. त्यामुळे अमेरिकेत टर्मिनल सॉफ्टवेअर मागे पडत होतं, तेव्हा आमच्या पिढीने ते नव्याने शिकलं.

आणि आपल्या लिपींचं काय? १९९१ च्या इस्की प्रमाणानुसार देवनागरीची अक्षरं आठ बिटांच्या संकेतांत, वरच्या १२८ जागांवर बसवली गेली. उर्दू, सिंधी, काश्मिरीसाठी पुण्याच्या सी-डॅकने पास्की हा संकेत केला. आता समजा, टर्मिनलची मांडणी 'आठ बिट'ऐवजी 'सात बिट' राहिली आणि इस्कीतला मजकूर नुसता तसाच सोडला. इस्कीत 'क'चा क्रमांक १७९. वरचा बिट गळला की उरतात ५१, आणि ५१ म्हणजे ३ हा इंग्रजी आकडा. 'अ'चे १६४ चे होतात ३६, म्हणजे डॉलरचं चिन्ह. मराठीतलं पत्र पलीकडे आकडे, चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांच्या खिचडीत पोहोचायचं. यात कुणाचा द्वेष नव्हता, कट नव्हता. तार बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच भाषा होती, एवढंच. वरच्या बिटाची आठवण ठेवणारं सॉफ्टवेअर आणि ती मांडणी समजणारा माणूस, हे दोन्ही असतील तरच आपली अक्षरं सुखरूप पोहोचायची.

मागे वळून

हायपरटर्मिनल विंडोज व्हिस्टापासून विंडोजमधून गेलं. कोलंबिया विद्यापीठाने २०११ मध्ये केरमिट प्रकल्प थांबवला आणि त्याचा कोड मुक्त परवान्याखाली खुला केला. सुएस २०१९ मध्ये आणि क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये वारले. एक्समोडेम आणि झेडमोडेम मात्र आजही राउटरसारख्या उपकरणांत सॉफ्टवेअर भरताना वापरले जातात. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांनी ते कुलूपबंद ठेवले नाहीत. म्हणून शिकागोतला, न्यूयॉर्कमधला, पोर्टलंडमधला माणूस कुर्ल्याच्या खोलीतल्या दोन मुलांच्या कामी आला. इल्म वाटल्याने वाढतं असं आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. इथे ते वेगळ्या रूपात दिसतं.

माझ्या वर्गात मी या तिन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत. नव्या मुलांना एकेक वाक्य सांगून थांबतो, कारण सुरुवातीला तेच बरं. सराव झाला की सलग सांगत जातो आणि 'जिथे अडलं तिथे बोट ठेवा, मी मागे येतो' म्हणतो. वर्ग वेगाने पुढे जातो. पण दर वर्षी दोन-तीन मुलं अशी असतात की ती बोट वर करतच नाहीत. घरी वेगळी बोली, शाळेत वेगळी, वहीत तिसरी. झेडमोडेममध्ये गप्प बसणं म्हणजे सगळं ठीक. वर्गात तसं नसतं. त्या मुलांजवळ जाऊन बसावं लागतं, त्यांना काय झेपतं ते आधी विचारावं लागतं आणि लहान तुकडे द्यावे लागतात. तास संपायला उशीर होतो. बाकीचे 'सर, पुढे चला ना' म्हणतात.

गेल्या महिन्यात अशाच एका मुलीच्या वहीत पूर्ण पानभर इमला एकाही चुकीशिवाय उतरला. तिला मी विचारलं, 'पटापट सांगू का आता?' ती म्हणाली, 'अजून थोडे दिवस असंच, सर.' मी म्हटलं, ठीक आहे.